स्कॅनरची शोधमोहीम

आकाशवाणीचं सांगली केंद्र मीडियम वेव्हवर १२५१ किलोहर्ट्झला लागतं, हे मिरजकरांना सांगायला नको. पण ठिकाणच माहीत नसेल तर? हातात मावणाऱ्या स्कॅनरला खालची आणि वरची हद्द द्यायची. मधला पट्टा तो स्वतःच पिंजून काढतो. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा घ्या. टप्पा साडेबारा किलोहर्ट्झचा ठेवलात, तर १६० टप्प्यांत एक फेरी पूर्ण. मोड, नॅरो एफएम.

खरी गोम आहे स्क्वेल्चमध्ये, म्हणजे खरखर दाबणाऱ्या बटणात. खरखर थांबेल इतकंच ते फिरवा. जास्त पिळलंत तर क्षीण आवाज गाळले जातात, कमी ठेवलंत तर स्कॅनर खरखरीवरच अडून बसतो.

या पट्ट्यातल्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, म्हणून घरातल्यापेक्षा दंडोबाच्या डोंगरावर जास्त ऐकू येईल. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचे अंतराळवीर कधीमधी १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलतात, पण स्थानक डोक्यावरून जातं ते जेमतेम दहा मिनिटांत!

आणि हो, पोलिसांचं किंवा मिरज जंक्शनवरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांचं बोलणं चोरून ऐकायचं नाही. यंत्र घेण्याआधीच परवान्याचे नियम पाहा. हॅमची परीक्षा बाराव्या वर्षापासून देता येते.