भौतिकशास्त्राची पायाभरणी



दहावीचा निकाल लागला की गावोगावचे गुणवंत विद्यार्थी विज्ञान शाखेकडे वळतात. विज्ञान विषयात नव्वदच्या घरात गुण मिळविलेला विद्यार्थी अकरावीच्या वर्गात मोठ्या उमेदीने बसतो. पहिल्या चाचणीत मात्र भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेवर त्याला असे गुण दिसतात की, आपण चुकीच्या शाखेत आलो की काय, अशी शंका त्याच्या मनात घर करते. घरी त्याची बुद्धी कमी पडली असे म्हणतात. शेजारी शिकवणी लावली नाही म्हणून असे झाले असे म्हणतात. वस्तुतः बहुतेक वेळा या दोन्हीही गोष्टी खऱ्या नसतात. पाया भरण्याची पद्धत चुकलेली असते आणि ती सुधारता येण्याजोगी असते.

हा प्रश्न एका विषयाच्या गुणांपुरता मर्यादित नाही. अभियांत्रिकी, वैद्यक आणि विज्ञानाची पदवी या तिन्ही वाटा भौतिकशास्त्राच्या दारावरून जातात. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात भौतिकशास्त्र आणि यामिकी पुन्हा समोर उभी राहतात. पूल बांधणाऱ्याला बलांचा समतोल हवा, वीज अभियंत्याला विद्युतधारेचे नियम हवेत, संगणकाच्या यंत्रणेकडे वळणाऱ्याला अर्धवाहकांची ओळख हवी. सोळाव्या वर्षी या विषयाची धास्ती बसलेला विद्यार्थी या सर्व वाटांपासून नकळत दूर होतो. ग्रामीण भागातील मुलामुलींच्या बाबतीत हे नुकसान अधिक मोठे असते, कारण त्यांना दुसरी संधी सहजासहजी मिळत नाही.

दोन इयत्तांमधील अंतर

दहावीपर्यंत भौतिकशास्त्र हा विज्ञान या विषयाचा एक भाग असतो. व्याख्या पाठ करून आणि सूत्रात आकडे घालून तेथे बऱ्यापैकी यश मिळते. अकरावीत विषय स्वतंत्र होतो आणि त्याचे स्वरूपच पालटते. सदिश राशी येतात, त्रिकोणमितीची गुणोत्तरे लागतात, आलेखाच्या चढावरून वेग वा त्वरण काढावे लागते. पुष्कळदा गणिताच्या तासाला विकलन शिकविले जाण्यापूर्वीच भौतिकशास्त्राच्या तासाला त्याची गरज भासते. विद्यार्थी अडखळतो तो भौतिकशास्त्रात नव्हे, तर त्यामागील गणितात.

यावर उपाय अवघड नाही. दहावीची परीक्षा आणि अकरावीचा प्रवेश यांच्या दरम्यान काही आठवडे मोकळे असतात. या काळात अकरावीचे प्रकरण आधीच उरकून टाकण्याऐवजी गुणोत्तर व प्रमाण, घातांक, समीकरणाची मांडणी बदलणे, काटकोन त्रिकोणातील गुणोत्तरे आणि आलेख काढणे व वाचणे या पाच गोष्टी पक्क्या कराव्यात. ही अवजारे हाताशी असली, तर पुढील दोन वर्षांचा भार निम्म्याने हलका वाटतो.

सूत्राआधी संकल्पना

न्यूटनने गतीचे नियम १६८७ साली प्रसिद्ध केले. त्यांतील तिसरा नियम, क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात हा, प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. पण त्याला एक साधा प्रश्न विचारून पाहावा. बैल गाडीला जेवढ्या बलाने पुढे ओढतो, तेवढ्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढत असेल, तर गाडी हलते कशी? नियम अचूक म्हणून दाखविणारे अनेक विद्यार्थी येथे गप्प होतात.

उत्तर असे की, ही दोन बले दोन वेगळ्या वस्तूंवर कार्य करतात. म्हणून ती एकमेकांना रद्द करीत नाहीत. गाडीचा विचार करताना केवळ गाडीवरील बले पाहावयाची: पुढे बैलाची ओढ आणि मागे चाकांचा व रस्त्याचा विरोध. ओढ अधिक असेल तर गाडी वेग घेते. बैल स्वतः पुढे जातो तो खुरांनी जमीन मागे रेटतो म्हणून. जमीन त्याला पुढे रेटते. चिखलात बैल घसरतो त्याचे कारणही यातच सापडते. एक वस्तू निवडून तिच्यावरील सर्व बले बाणांनी दाखविणारी आकृती काढण्याची सवय ज्याला लागली, त्याला यामिकीतील निम्म्याहून अधिक उदाहरणे आपोआप उलगडतात. पुढे अभियांत्रिकीत इमारतीच्या तुळईचे गणितही याच आकृतीपासून सुरू होते.

मोजमापाची शिस्त

भौतिकशास्त्र हे मोजमापाचे शास्त्र आहे. विहिरीच्या काठावरून दगड सोडला आणि दीड सेकंदाने तो पाण्यावर आपटला, तर पाणी किती खोल आहे? गुरुत्वत्वरण ९.८ धरून उत्तर सुमारे ११ मीटर येते. आता समजा, घड्याळ थांबविण्यास केवळ ०.२ सेकंदाचा उशीर झाला आणि १.७ सेकंद अशी नोंद झाली. तेव्हा उत्तर १४ मीटरच्या पुढे जाते. वेळेतील थोडीशी चूक खोलीत ३ मीटरची चूक घडविते, कारण अंतर वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढते. हा अनुभव एकदा घेतला की एकच मोजमाप का पुरत नाही, ते दहा वेळा करून सरासरी का काढावी, हे वेगळे सांगावे लागत नाही. शेवटी दोराला दगड बांधून खोली प्रत्यक्ष मोजावी आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत. अर्थात, हा प्रयोग कठडा असलेल्या विहिरीवर आणि शिक्षकांच्या उपस्थितीतच व्हावा.

साधनांच्या अभावाची सबब येथे फारशी टिकत नाही. गॅलिलिओपाशी सेकंद मोजणारे घड्याळ नव्हते. उतरत्या फळीवरून गोळा सोडून, भांड्यातून बारीक धारेने पडणाऱ्या पाण्याचे वजन करून त्याने वेळ मोजली आणि अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे दाखविले. हा वृत्तान्त १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात आहे. आज प्रत्येक घरात त्याहून सरस घड्याळ आहे. एक मीटर लांबीच्या दोऱ्याला दगड टांगून लहान झोके दिले, तर २० झोक्यांना सुमारे ४० सेकंद लागतात. लांबी बदलून, प्रत्येक वेळी आवर्तकालाचा वर्ग काढून आलेख मांडला की सरळ रेषा मिळते आणि तिच्या चढावरून गुरुत्वत्वरणाचे मूल्य विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हाताने निघते. पुस्तकात वाचलेले ९.८ आणि स्वतः काढलेले ९.७ यांत दुसऱ्या आकड्याचे मोल विद्यार्थ्याच्या दृष्टीने अधिक आहे.

गावचे पाणी, गावची प्रयोगशाळा

पाणीपुरवठा हा पंचायत सदस्यांच्या नित्य परिचयाचा विषय. खोल विहिरीत पाण्याचा पंप काठावर न बसविता आत खाली, ओट्यावर बसविलेला अनेकांनी पाहिला असेल. असे का? पंप पाणी वर ओढतो असे आपण म्हणतो. वास्तविक पंप नळीतील दाब कमी करतो आणि बाहेरील वातावरणाचा दाब पाण्याला वर ढकलतो. या दाबाला सीमा आहे. टॉरिसेलीने १६४४ मध्ये लिहिलेल्या पत्रात वर्णिल्याप्रमाणे तो सुमारे ७६ सेंटिमीटर पाऱ्याचा स्तंभ तोलून धरतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्यामुळे पाण्याचा स्तंभ १०.३ मीटरपर्यंतच तोलला जाईल. प्रत्यक्षात ७ ते ८ मीटरच्या पुढे असा पंप चालविणे कठीण जाते. म्हणून पंपच पाण्याजवळ न्यावा लागतो, किंवा तो पाण्यात बुडवावा लागतो.

दुसरे उदाहरण वीजबिलाचे. ५०,००० लिटर पाणी २० मीटर उंच चढविण्यास किमान ९८ लाख ज्यूल ऊर्जा लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे हे काम आदर्श स्थितीत सुमारे २.७ युनिटांत व्हावे. मीटरवर ६ युनिटे नोंदली गेली, तर खर्चाच्या सुमारे ४५ टक्के ऊर्जा कामी आली. उरलेली मोटारीच्या उष्णतेत आणि नळांच्या घर्षणात गेली. ९ युनिटे नोंदली गेली, तर हे प्रमाण ३० टक्क्यांवर येते आणि पंप झिजला आहे की वाहिनीत गळती आहे, हे तपासणे अगत्याचे ठरते. अकरावीच्या विद्यार्थ्यांनी गावाच्या पंपाचा असा हिशेब महिन्यातून एकदा मांडला, तर कार्य, शक्ती आणि ऊर्जा हे प्रकरण त्यांना आयुष्यभर विसरता येणार नाही. शिवाय पंचायतीलाही उपयोगी माहिती मिळेल.

भाषेचा प्रश्न

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला अकरावीत विषयाबरोबरच इंग्रजी परिभाषेशीही झुंजावे लागते. बल, शक्ती, ताकद, जोर हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात. भौतिकशास्त्रात बल निराळे, शक्ती निराळी आणि ऊर्जा निराळी. वजन आणि वस्तुमान यांतील भेदही असाच. अशा विद्यार्थ्याने प्रत्येक संज्ञेसाठी मराठी शब्द, इंग्रजी शब्द, एकक आणि स्वतःच्या शब्दांतील एक उदाहरण अशी चार रकान्यांची वही ठेवावी. शिक्षकांनी संकल्पना मराठीतून समजावून मग इंग्रजी संज्ञा रूढ करावी. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. २०२१ पासून जेईई मुख्य परीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीतही उपलब्ध होऊ लागली आणि त्याच वर्षी अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीसह काही भारतीय भाषांतून देण्यास मान्यता मिळाली. तथापि, भाषा बदलल्याने कच्ची संकल्पना पक्की होत नाही, हेही ध्यानी ठेवले पाहिजे.

परीक्षा आणि प्रयोगशाळा

प्रवेश परीक्षांमुळे वेगाला महत्त्व आले आहे. चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव अवश्य करावा. परंतु तो शेवटची पायरी म्हणून. आरंभी एक उदाहरण अर्धा तास घेतले तरी चालेल. आकृती काढावी, दिलेल्या व शोधावयाच्या राशी लिहाव्यात, उत्तराची एकके तपासावीत आणि आलेला आकडा व्यवहाराला धरून आहे का, हे पाहावे. सायकलस्वाराचा वेग सेकंदाला ३०० मीटर आला, तर कोठेतरी चूक आहे हे उत्तरसूचीवाचून कळले पाहिजे. अशी शंभर उदाहरणे स्वतः सोडविणारा विद्यार्थी हजार उत्तरे पाहून घेणाऱ्याच्या पुढे जातो.

राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्रातील १०० गुणांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. जेथे प्रयोगशाळेचे कुलूप केवळ परीक्षेच्या आधी काही दिवस निघते, तेथे हे गुण कदाचित मिळून जातात; पण शिक्षण मिळत नाही. पुढे महाविद्यालयात मापक हाती घेताना त्याच विद्यार्थ्याचे हात कापतात. मोडेल या भीतीने कपाटात ठेवलेल्या उपकरणापेक्षा वापरताना मोडलेल्या उपकरणाने विद्यार्थ्यांना अधिक शिकविले आहे, असे मानावयास हरकत नाही.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटर तरंगलांबी रेडिओ दुर्बीण उभी आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली साकारलेल्या या दुर्बिणीच्या ३० तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. या तबकड्या भरीव पत्र्याच्या नसून तारेच्या जाळीच्या आहेत. छिद्रे असूनही त्या काम कशा करतात? येणाऱ्या रेडिओ तरंगांची लांबी २१ सेंटिमीटर व त्याहून अधिक. जाळीची छिद्रे केवळ एक-दोन सेंटिमीटरची. एवढ्या लांब तरंगांना ती जाळी अखंड पृष्ठासारखीच वाटते. वारा मात्र तिच्यातून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च वाचला. तरंगांच्या प्रकरणातील एका प्राथमिक तत्त्वावर हे काम उभे आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे भरणाऱ्या प्रदर्शनास शाळांनी विद्यार्थ्यांना न्यावे आणि नेण्यापूर्वी हा प्रश्न त्यांना घालावा.

करावयाची कामे

मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळा आठवड्यातून ठराविक दिवशी, ठराविक वेळी उघडी राहील असे वेळापत्रक लावावे. भौतिकशास्त्र आणि गणित यांच्या शिक्षकांनी वर्षारंभी एकत्र बसून प्रकरणांचा क्रम जुळवावा. पंचायतींनी ग्रामपंचायत विकास आराखड्यात शिक्षणासाठी तरतूद सुचविताना मोजपट्टी, तराजू, तापमापक, बहुमापक यांसारख्या अल्पमोली साधनांचा विचार करावा आणि पंपाच्या मीटरची नोंद विद्यार्थ्यांना पाहू द्यावी. शिक्षणाधिकाऱ्यांनी शाळाभेटीत निकालाच्या टक्केवारीबरोबरच विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या उघडून पाहाव्यात. त्यांतील सर्व आकडे सर्वांचे सारखेच असतील, तर प्रयोग झाला नाही असे समजावे.

यांपैकी कोणत्याही कामासाठी नवीन योजनेची वा मोठ्या निधीची वाट पाहावी लागत नाही. येत्या जूनमध्ये जी मुले-मुली अकरावीच्या वर्गात पाऊल टाकतील, त्यांच्या हाती पाठ केलेल्या सूत्रांबरोबर स्वतः मोजलेला एक तरी आकडा असावा, एवढे प्रत्येक शाळेने ठरविले तरी विद्यापीठाकडे जाणारी त्यांची वाट पुष्कळ सुकर होईल.