राग चढण्यापूर्वींचा क्षण

नागपुराहून निघून कामठी मागें टाकली कीं कन्हान नदीचें रुंद पात्र लागतें आणि पैलतीरीं त्याच नांवाचें गांव दिसतें. सभोंवार कोळशाच्या खाणी, रामटेकची शाखा जेथून फुटते तें रेल्वेचें जंक्शन, आणि पाळीपाळीनें कामावर जाणारीं माणसें. अशा गांवांतील एका खाणकामगाराची कल्पना करावी. रात्रपाळी संपवून सकाळीं नऊ वाजतां तो अंथरुणाला पाठ टेकतो न टेकतो, तोंच शेजारच्या घरीं ध्वनिक्षेपकाचा कर्णा सुरू होतो. तो उठून सांगून येतो. आवाज क्षणभर उतरतो आणि पुन्हां चढतो. शेजाऱ्याची ही खोडी आजची नव्हे. अखेर त्या कामगाराचा हात उठतो, तो मात्र तांब्यांतून पाणी आणतांना चार थेंब अंथरुणावर सांडणाऱ्या स्वतःच्या मुलावर. चिडविलें बाहेरच्यानें आणि मार खाल्ला घरच्यानें. श्रोत्यांपैकीं पुष्कळांना हा प्रसंग अनोळखी वाटणार नाहीं.

रागीट माणसास वडीलधारे जे उपाय सांगतात ते टाकाऊ नाहींत. थंड पाणी प्यावें, शंभरपर्यंत आंकडे मोजावे, देवाचें नांव घ्यावें, तेथून निघून जावें. या उपायांनीं मन दुसरीकडे वळतें आणि वेळ टळते. परंतु चुलींतील निखाऱ्यावर राख पसरावी तसा तो प्रकार होतो. संध्याकाळीं कोणी फुंकर घालावयाचा अवकाश, आंतील विस्तव पुन्हां दिसूं लागतो. याच्या उलट, मनांत आलें तें बोलून मोकळें व्हावें असें म्हणणारेहि असतात. बोलणारा मोकळा होतो, ऐकणारा होत नाहीं.

तिसरी एक वाट आहे. रागास दाबावयाचें नाहीं, सोडावयाचें नाहीं, तो उठत असतां त्याच्याकडे पाहावयाचें. बुद्धाच्या उपदेशांत या पाहण्याला पाली भाषेंत ‘सति’ म्हटलें आहे. संस्कृतांतील ‘स्मृति’ हा त्याचाच सहोदर शब्द. मनांत द्वेष असेल तेव्हां तो आहे हें जाणावें आणि नसेल तेव्हां नाहीं हेंहि जाणावें, एवढीच त्याची मागणी. अमेरिकेंत १९७९ सालीं जॉन कबात-झिन यांनीं मॅसॅच्युसेट्समधील एका रुग्णालयांत जुनाट दुखण्यांच्या रोग्यांना हीच गोष्ट धर्माचें नांव न घेतां शिकविण्यास आरंभ केला. कन्हानच्या लोकांना मात्र त्यासाठीं समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, तेव्हांपासून या भागांतील असंख्य घरांत बुद्धाचें नांव रोजचें झालें आहे. नदीपलीकडे कामठीस १९९९ मध्यें ड्रॅगन पॅलेस हें बुद्धमंदिर उभें राहिलें आणि २०१७ मध्यें त्याच्याच परिसरांत विपश्यनेचें केंद्र सुरू झालें.

ही विपश्यना भारतांत पुन्हां रुजविणारे सत्यनारायण गोयंका हे व्यापारी गृहस्थ होते. त्यांचा जन्म १९२४ सालीं ब्रह्मदेशांतील मंडाले येथें झाला. अर्धशिशीच्या दुखण्यानें ते इतके त्रासले होते कीं मॉर्फिनची सुई घ्यावी लागे. १९५५ सालीं ऊ बा खिन या मोठ्या सरकारी हिशेबनिसाकडे ते ध्यान शिकले, १९६९ सालीं भारतांत आले, आणि १९७६ पासून इगतपुरीस शिबिरें भरूं लागलीं. दहा दिवस मौन पाळावयाचें आणि पहिले तीन दिवस तर नाकपुडीशीं येणाऱ्याजाणाऱ्या श्वासाखेरीज दुसरें कांहीं पाहावयाचें नाहीं. हें शिक्षण बालिश वाटण्याचा संभव आहे. परंतु राग म्हणजे निव्वळ विचार नव्हे. तो चढूं लागला कीं मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून एक द्रव्य रक्तांत मिसळतें, छाती धडधडते, श्वास उथळ व जलद होतो, जबडा आवळला जातो, कानशिलें तापतात. शिवी जिभेवर येण्यापूर्वीं ही सारी वर्दी शरीरानें दिलेली असते; ती घेणारा मात्र घरीं नसतो. श्वास पाहण्याची सवय म्हणजे त्या दारावर कोणास तरी बसविणें होय. (शिबिरांत मौन असलें तरी शेजारच्या अंथरुणावरील घोरणें चालूच राहतें. खरा अभ्यास बहुधा तेथेंच होत असावा.)

पैठणच्या एकनाथ महाराजांची कथा महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. गोदावरीचें स्नान करून परततांना एकजण त्यांच्या अंगावर पुन्हां पुन्हां थुंकला आणि ते प्रत्येक वेळीं शांतपणें स्नानास वळले. कथा ऐकून श्रोता हात जोडतो आणि म्हणतो, ते नाथ होते, आम्हीं संसारी माणसें. हात जोडले कीं कर्तव्य संपलें! श्वास मात्र संत आणि संसारी दोघांनाहि सारखाच असतो.

या शांतपणास भ्याडपणा म्हणणारे निघतील, आणि त्यांची शंका हलकी नाहीं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सोसावयास सांगण्यांत आलें, त्यांना आणखी सोसण्याचा उपदेश करणें क्रूरपणाचें होईल. घरांत मार खाणाऱ्या स्त्रीस तर श्वास मोजण्याआधीं आसरा आणि कायद्याचें साह्य मिळालें पाहिजे. परंतु हात आवरणें आणि हक्क सोडणें या गोष्टी एक नव्हेत, याचें मोठें उदाहरण महाडास घडलें. २० मार्च १९२७ रोजीं चवदार तळ्याचें पाणी घेतल्यावर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला. उलट मारण्याची ताकद त्यांच्यांत होती. बाबासाहेबांनीं त्यांना आवरलें. तेथें कोणी ध्यान शिकविलें नव्हतें. मात्र हात आवरल्यानें तळ्यावरील हक्क सुटला नाहीं. त्याच वर्षीं डिसेंबरांत दुसरी परिषद भरली, कज्जा दहा वर्षें चालला, आणि १९३७ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागला.

कन्हानच्या त्या कामगारासहि शेजाऱ्याशीं बोलावेंच लागणार आहे. मात्र डोळ्यांत झोप आणि तोंडांत शिवी असतां बोललेलें भांडणच होतें. कर्णा वाजूं लागतो तेव्हां तो खाटेच्या कडेवर बसतो. दांत आवळले आहेत. कानशिलें तापलीं आहेत. श्वास आंत गेला, बाहेर आला. पहिल्या दिवशीं हें पांच श्वासांपलीकडे टिकत नाहीं आणि तो भिंतीवर मूठ आपटतो. चौथ्या दिवशीं मूठ वळल्याचें त्याच्याच ध्यानांत येतें. त्या संध्याकाळीं जेवणें आटोपल्यावर तो शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसतो आणि एकच गोष्ट मागतो: रात्रपाळीच्या आठवड्यांत दुपारच्या बारापर्यंत कर्णा नको. शेजारी कांहीं मान्य करतो, कांहीं करीत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आवाज थोडा कमी आहे, पण आहेच. मुलगा तांब्या घेऊन येतो आणि पाणी पुन्हां अंथरुणावर हिंदकळतें. तो दचकून मागें सरतो. बापाचा जबडा आवळतो, सैल होतो. तो हात पुढें करून तांब्या घेतो आणि मुलास जवळ बसावयास सांगतो.