प्रयोगशाळेतला कचरा आणि शाळेतलं जुनं कपाट

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



"तू जन्मभर जे काम केलंस त्यावर पंधरा मिनिटं बोल," असं मला संयोजकांनी सांगितलं. माझ्या आधी आपला डॉक्टर मित्र हृदयावर बोलला, त्याच्या आधी बँकेतली मैत्रीण पैशांवर बोलली. आता माझा विषय आहे कचरा. जेवणाची वेळ जवळ आली आहे, तेव्हा आधीच क्षमा मागते.

पुण्यातल्या एका रसायनशास्त्राच्या संशोधन संस्थेत मी एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची चौदा वर्षं संस्थेतून मोरीवाटे, धुराड्यावाटे, पिंपांमधून काय बाहेर जातं, यावर लक्ष ठेवणं हे माझं काम होतं. आई शेजारणींना अभिमानाने सांगायची, "आमची मुलगी शास्त्रज्ञ आहे." पुढचं सांगायची नाही.

लोकांना वाटतं, प्रदूषण कारखाने करतात, प्रयोगशाळा कशाला करतील? वजनाने पाहिलं तर खरंच आहे. पण कारखान्यातून वर्षानुवर्षं त्याच प्रकारचा कचरा निघतो, त्यामुळे त्याचं काय करायचं हे एकदा ठरवता येतं. प्रयोगशाळेत दोनशे प्रकारचा कचरा चमचा-चमचा निघतो आणि पुढच्या महिन्यात प्रकार बदललेले असतात. त्यात एक घोट क्लोरोफॉर्म भलत्या पिंपात पडला, तर ते सगळं पिंप जाळायला महाग होतं, कारण क्लोरिन असलेलं द्रावण जाळताना आम्ल वायू निघतो. नायट्रिक आम्लाच्या बाटलीत कुणी ॲसिटोन ओतलं तर बाटलीच फुटते. म्हणून आमच्याकडे पिंपांवर मोठ्या अक्षरात मराठी, हिंदी आणि इंग्रजीत नावं लिहिलेली असायची. तरीही चुका व्हायच्या.

रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये एक साधा हिशोब मांडला. एक किलो माल तयार करताना किती किलो कचरा होतो? पेट्रोलियम शुद्धीकरणात अगदी थोडा, पण औषधांमध्ये पंचवीस ते शंभर किलो, कधी त्याहूनही जास्त. त्यातला मोठा वाटा द्रावकांचा, म्हणजे ज्यात पदार्थ विरघळवायचा आणि नंतर फेकायचा त्या द्रवांचा. आमच्याकडे काचेची भांडी धुवायला रोज वापरलं जाणारं ॲसिटोन असंच मोरीत जायचं. ते ५६ अंशांना उकळतं, त्यामुळे गोळा करून ऊर्ध्वपातन केलं की भांडी धुण्यापुरतं पुन्हा वापरता येतं. सातवीच्या पुस्तकातलं हे ज्ञान, पण ते अंमलात आणायला दोन वर्षं आणि चार बैठका लागल्या. कंडेन्सरचं पाणीही तसंच. मिनिटाला दोन लिटरची धार रात्रंदिवस चालू राहिली तर चोवीस तासांत २,८८० लिटर पाणी फुकट जातं. उन्हाळ्यात शहराला टँकर लागायचे आणि आमचे विद्यार्थी प्रयोग लावून घरी झोपायला जायचे. पाणी फिरवून वापरणारं यंत्र बसवलं तेव्हा कुठे ते थांबलं.

पण खरा कचरा मला सापडला तो खरेदी विभागात. अडीच लिटरची बाटली लिटरमागे स्वस्त पडते, म्हणून शंभर मिलिलिटरची गरज असली तरी अडीच लिटरची मागणी जाते. विद्यार्थ्याची पीएचडी होते, तो परदेशी जातो, बाटली फळीवर राहते. दहा वर्षांनी लेबल पिवळं पडून गळतं आणि बाटली बेवारस होते. बेवारस बाटलीत काय आहे हे तपासायचा खर्च तिच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट असतो. स्वस्तात घेतलेली वस्तू म्हणजे काय, हे मला तिथे कळलं.

आम्ही दोन नियम केले. संस्थेत कुणाकडे ते रसायन आहे का हे पाहिल्याशिवाय नवी मागणी पुढे पाठवायची नाही. आणि संस्था सोडताना ग्रंथालयाची पुस्तकं परत केल्याशिवाय जसं ना-देय प्रमाणपत्र मिळत नाही, तसं आपली फळी रिकामी करून दाखवल्याशिवाय माझी सही मिळणार नाही. एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही संशोधनाला मदत करायला आहात की अडवायला?" मी म्हटलं, "सर, फळी दाखवा, लगेच सही करते." त्यांच्या फळीवर १९७१ सालची ईथरची बाटली निघाली. जुन्या ईथरमध्ये स्फोटक पेरॉक्साइड साचतात, झाकण फिरवायचं निमित्त पुरतं. त्यानंतर त्यांनी वाद घातला नाही.

बेवारसपणा किती महागात पडतो, त्याचं आपल्या देशातलं उदाहरण २०१० सालचं आहे. दिल्ली विद्यापीठात कोबाल्ट-६० असलेलं एक जुनं संशोधन उपकरण होतं. १९८५ पासून ते वापरात नव्हतं. वापरणारी पिढी निवृत्त झाली, खोली हवी होती, म्हणून फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगारात लिलावाने विकलं गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते तोडलं. आत काय आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. किरणोत्सर्गाने अनेक जण आजारी पडले आणि त्यातला एक कामगार एप्रिलमध्ये गेला. त्या विद्यापीठात नियम माहीत असलेली माणसं नव्हती असं नाही. पण ती वस्तू कुणाची, हा प्रश्न पंचवीस वर्षं कुणी विचारला नाही. शेवटी उत्तर त्या कामगाराच्या अंगावर निघालं.

श्रीमंत देशांत हे होत नाही, असं समजू नका. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ब्रुकहेवन ही मोठी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिच्या खालचं भूजल हेच त्या भागाचं पिण्याचं पाणी. जानेवारी १९९७ मध्ये तिथल्या संशोधन अणुभट्टीजवळच्या भूजलात ट्रिटियम सापडलं. वापरलेलं इंधन ठेवायच्या हौदाला गळती होती. गळती किती, तर दिवसाला साधारण दोन बादल्या. तेवढं पाणी बाष्पीभवनातच जात असेल असं वाटून गेलं आणि असं सुमारे बारा वर्षं चाललं. गळती पकडण्यासाठी तपासणी विहिरी खणायचं कबूल झालं होतं, पण ते काम मागे पडत राहिलं. दूषित पाणी प्रयोगशाळेच्या हद्दीबाहेर गेलं नाही, तरी लोकांचा विश्वास गेला. पन्नास वर्षं ती संस्था चालवणाऱ्या मंडळाचा करार त्याच वर्षी सरकारने रद्द केला आणि १९९९ मध्ये ती अणुभट्टी कायमची बंद झाली. जगातल्या उत्तम अणुभट्ट्यांपैकी एक. विहिरींना लागला असता तो खर्च त्यापुढे काहीच नव्हता.

आता मुद्द्यावर येते. आपल्या बॅचने शाळेला नवी विज्ञान प्रयोगशाळा द्यायचं ठरवलं आहे. यादी मी पाहिली. सूक्ष्मदर्शक, काचसामान, रसायनं, प्रोजेक्टर, दारावर आपल्या बॅचच्या नावाची पाटी. सगळं चांगलं आहे. पण जूनमध्ये मी शाळेत जाऊन जुनं कपाट उघडून पाहिलं. सर, तेच कपाट, ज्याची किल्ली तुम्ही कमरेला लावायचा. त्यात सव्वीस बाटल्यांवर नाव नाही. सोडियमच्या बाटलीतलं रॉकेल आटत आलं आहे. फुटलेल्या थर्मामीटरांचा पारा खोबरेल तेलाच्या बाटलीत भरून ठेवलेला आहे. नव्या प्रयोगशाळेसाठी हे कपाट रिकामं करायचं आहे आणि शिपाईकाकांना तोंडी सांगितलं आहे की "मागच्या बाजूला टाकून द्या." मागच्या बाजूला ओढा आहे. ओढा नीरेला मिळतो. काका सहा महिन्यांनी निवृत्त होतात आणि त्यांच्याकडे हातमोजेही नाहीत.

सर आम्हाला परीक्षानळीत बोटभर द्रावण द्यायचे. अर्ध्या वर्गाला वाटायचं, सर कंजूष आहेत. (सर हसताहेत.) आज त्याला सूक्ष्म प्रमाणातले प्रयोग म्हणतात आणि त्यावर कार्यशाळा होतात. तुमच्या हिशोबाने यादीतली रसायनं चौथ्या हिश्श्यावर आणता येतील, आणि तसंच करावं असं माझं म्हणणं आहे.

त्यातून वाचलेल्या पैशांत आधी ते कपाट मोकळं करू. बाटल्या ओळखणं, वेगळ्या बांधणं आणि रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात रीतसर पाठवणं, एवढं काम आहे. मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे, त्यांची तयारी आहे. शाळेचं पत्र आणि मंडळाची कागदपत्रं मी पाहीन. प्रोजेक्टर सहा महिने उशिरा आला तर चालेल. आणि पाटीच्या जागी एक जाड नोंदवही ठेवू. कोणती बाटली कधी आली, कुणी आणली, कधी संपली, एवढंच त्यात लिहायचं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता मी शाळेत असेन. चौघे जण हवेत. सुती कपडे, पायात बूट, आणि मी सांगेपर्यंत कुणीही कुठल्याही बाटलीचं झाकण उघडायचं नाही. वर्गात जे मागच्या बाकावर बसायचे त्यांनी हे पुन्हा एकदा ऐकावं. नावं जेवणाच्या पंगतीत माझ्याकडे द्या.