पातळ आभाळ: छत्री की गोधडी?

आम्ही अनसिंगच्या बचत गटातल्या बाया बोलतोय.

हिवाळ्यात पहाटे हरभऱ्याच्या वावरात जाणाऱ्या प्रत्येकीला हे ठाऊक आहे: रात्री चांदण्या लखलखल्या की पहाटे हात गारठतात, आभाळ आलं की तेवढी थंडी पडत नाही. असं का?

दिवसा जमीन तापते आणि रात्री ती उष्णता वर सोडते. चूल विझल्यावर तवा ऊब देत राहतो, तसंच. आभाळ मोकळं असलं की उष्णता निघून जाते. ढग असला तर त्यातले पाण्याचे थेंब ती शोषतात आणि बरीचशी खाली परत पाठवतात. रात्री ढग आपली गोधडी होतो. दिवसा मात्र तोच ढग ऊन वर परतवतो, छत्री होतो. कुरडया वाळत घातल्या की आपण त्याच्यावर चिडतो, ते यामुळेच.

साऱ्या पृथ्वीचा हिशेब मांडला तर छत्री जड भरते. सरासरी एका चौरस मीटरमागे ढग जवळपास ५० वॅट ऊन परतवतात आणि ३० वॅट उष्णता अडवतात. उरलेला २० वॅटचा गारवा आपल्याला फुकट मिळतो.

अवघड हिशेब आहे पातळ ढगांचा. एका चौरस मीटरवरच्या अशा ढगातलं सगळं पाणी गोळा केलं तरी अर्धा पेला, म्हणजे १०० ग्रॅमही भरत नाही. त्यात थोडं कमीजास्त झालं तरी हिशेब बराच बदलतो. उपग्रहालाही ते नीट मोजता येत नाही.

जुलै २०१२ मध्ये ग्रीनलंड या बर्फाळ बेटावर उबदार हवेसोबत असेच ढग आले. ऊन आत येईल इतके ते पातळ होते, पण खालची उष्णता बाहेर जाईना. छत्री फाटकी, गोधडी शाबूत! बेटाच्या सर्वांत उंच भागातलाही बर्फ वितळू लागला.

आता जग तापतंय. समुद्रावरचे खालचे ढग विरले तर छत्री लहान होईल, आणि त्याची झळ उन्हात निंदणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाईला आधी लागेल. म्हणून ढग मोजणं गरजेचं आहे. पुण्याची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था महाबळेश्वरच्या प्रयोगशाळेत हेच काम करते.

आपणही गटाच्या वहीत रोज दोन नोंदी करू: रात्री आभाळ कसं होतं, पहाटे थंडी कशी होती. महिनाभरानं बैठकीत वही उघडू आणि ताडून पाहू.