पाच वाजताची मीटिंग

आजच्या पदवीधरांनो,

अभिनंदन. ते करायला मंचावर बरेच जण बसलेत, म्हणून माझं एवढ्यावरच आटोपतो. माझ्या स्वतःच्या पदवीदानाला मी नव्हतोच. तिकडे नावं पुकारत होते आणि मी ठाण्याच्या कारखान्यात ऑडिटरला साठ्याची बिन कार्डं दाखवत होतो.

मी कॉस्टिंगचा माणूस. ठाण्याला नोकरी आणि चर्चगेटला संध्याकाळचा वर्ग, अशी तीन वर्षं काढली. पाचला सुटायचं, फास्ट लोकल पकडायची, व्हीटीहून हुतात्मा चौकातून चालत निघायचं. राजाबाई टॉवरच्या घड्याळाकडे मी कधी बघत नसे. उशीर झालेला ठाऊकच असायचा. एक सुख मात्र होतं. त्या वेळी सगळी मुंबई कल्याणकडे निघालेली, आपण उलटे, त्यामुळे खिडकी मिळायची. माझा निम्मा अभ्यास मध्य रेल्वेने करून घेतलाय.

पण पाचला दहा कमी असताना साहेबांची बेल वाजायची. दिवसभर न आठवलेलं सगळं त्यांना तेव्हाच आठवे.

आमच्याकडे ओतकामाचा वरखर्च वजनावर टाकत. एका संध्याकाळी सरांनी कूपर आणि कॅप्लन या प्राध्यापकांची नवी पद्धत शिकवली: खर्च ज्या कामामुळे होतो, त्या कामावर टाका. माझी ट्यूब पेटली. चाळीस छोट्या व्हॉल्व्हच्या ऑर्डरलाही पॅटर्न बदलायला तेवढाच वेळ जातो, जेवढा दोन हजारांच्या ऑर्डरला! म्हणजे जी छोटी ऑर्डर आम्ही फायद्याची समजत होतो, तिथेच पैसे जात होते. दुसऱ्या दिवशी कागद नेला. साहेब म्हणाले, "कॉलेजचं कॉलेजात ठेव." दोन वर्षांनी कन्सल्टंट आले आणि पडद्यावर तेच दाखवून गेले. फी विचारू नका. आमच्या धंद्यात आकडा बरोबर असून भागत नाही, तो बाहेरून यावा लागतो.

पुढे मुलाखतींत विचारायचे, "पार्ट-टाइम केलंत का?" जणू डिग्री सेलमध्ये घेतली होती. अहो, जोतिराव-सावित्रीबाईंनी 1855 मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली, ती फावल्या वेळेची हौस म्हणून नव्हे. दिवस मालकाचा असतो, म्हणून रात्र!

तर, एकच सांगणं आहे. तुमच्यातले बरेच जण लवकरच साहेब होतील. पाचनंतर मीटिंग ठेवू नका. हाताखालचा पोरगा वर्गाला जात असेल तर त्याला उठवून पाठवा. बाकीचं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

हे मी हक्काने सांगतोय असं नाही. पंधरा-एक वर्षांनी मीच साहेब होतो. मार्चएंड होता, पाच वाजून गेलेले. एका पोराच्या टेबलावर संध्याकाळच्या वर्गाला न्यायचा दुसरा डबा ठेवलेला, न उघडलेला. मला दिसला. तरी म्हटलं, "दहाच मिनिटं रे." आठ वाजले.

त्याने नंतर वर्गाचं नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही.