छायाचित्रावरील नाममुद्रा

(जागतिक छायाचित्रण दिनानिमित्त छायाचित्रकारांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



१८३९ साली १९ ऑगस्ट रोजी पॅरिस येथे डाग्युरोटाइप ही छायाचित्रणाची प्रक्रिया जगापुढे मांडण्यात आली. त्यानंतर अवघ्या १५ वर्षांत मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि १८९६ साली राजा दीनदयाळ यांनी त्याच नगरीत आपला स्टुडिओ थाटला. ज्यांच्या घरी त्या काळातील तसबिरी असतील त्यांनी पाहिले असेल की, छायाचित्र ज्या जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेले असे, त्याच्या खालच्या कडेला पुष्कळदा स्टुडिओचे नाव व गाव छापलेले असे. छायाचित्र कोठेही गेले तरी कर्त्याचे नाव त्याच्यासोबत जाई.

आज तो पुठ्ठा राहिलेला नाही. वारीतील रिंगणाचे छायाचित्र सकाळी इंटरनेटवर टाकले की सायंकाळपर्यंत ते असंख्य मोबाइलवर पोचते. परंतु उन्हापावसात तासन् तास उभे राहून ते कोणी टिपले, हे कोणालाच ठाऊक नसते. कर्त्याला ना श्रेय मिळते, ना मोबदला. म्हणूनच छायाचित्रावर वॉटरमार्क, म्हणजेच जलचिन्ह, उमटविण्याची प्रथा रूढ झाली.

हा शब्द मूळचा कागदनिर्मितीतला. नोट उजेडासमोर धरली असता दिसणारी महात्मा गांधींची प्रतिमा कागद तयार होत असतानाच त्यात उतरविलेली असते. ती कागदाच्या अंगचीच असते. छायाचित्रावरील चिन्ह मात्र बहुधा वरून उमटविलेले असते. कोपऱ्यातील नाव कातरून टाकता येते आणि मध्यभागी ठळक नाव घातले तर चित्राची शोभा जाते. एकच चिन्ह एकाच पद्धतीने अनेक चित्रांवर असेल, तर संगणक त्या चित्रांची तुलना करून ते वेगळे काढू शकतो, हे गूगलच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले. प्रत्येक चित्रावर चिन्हाच्या आकृतीत किंचित फरक केल्यास हे काम अवघड होते, असेही त्यांना आढळले. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने एकेका चित्रावरील चिन्हही पुसू शकतात.

मग जलचिन्हाचा उपयोग काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर असे की, जलचिन्ह हे दाराचे कुलूप नसून दारावरची पाटी आहे, आणि त्या पाटीमागे कायदा उभा आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानुसार छायाचित्र ही कलाकृती असून ते काढणारी व्यक्ती तिची कर्ता होय. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. २०१२ च्या सुधारणेनंतर हा हक्क कर्त्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. कर्त्याचे नाव व तत्सम हक्कविषयक माहिती अधिकार नसताना जाणूनबुजून काढून टाकणे वा बदलणे हा त्याच सुधारणेने गुन्हा ठरविला असून, त्यास २ वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद आहे.

व्यावसायिकांनी एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. लग्नकार्याची छायाचित्रे यजमानाने मोबदला देऊन काढून घेतली असतील, तर वेगळा करार नसल्यास त्यांचा प्रथम स्वामी यजमान ठरतो. कर्ता म्हणून श्रेय सांगण्याचा तुमचा अधिकार तरीही शाबूत राहतो. यास्तव व्यवहार लेखी करावा.

मूळ, पूर्ण आकाराचे छायाचित्र स्वतःपाशी जपून ठेवावे व लहान आकाराची प्रतच प्रसारित करावी. नाव अशा जागी घालावे की ते कातरले असता चित्रच अपुरे वाटेल. फाइलच्या अंतर्गत माहितीतही नाव नोंदवावे. परंतु अनेक समाजमाध्यमे ती माहिती गाळून टाकतात, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये.

हे झाले छायाचित्रकाराचे कर्तव्य. स्मरणिका काढणारी मंडळे, शाळा, कार्यालये आणि आपण सर्व वाचक यांचेही एक कर्तव्य आहे. दुसऱ्याचे छायाचित्र वापरण्यापूर्वी परवानगी मागावी आणि त्याखाली कर्त्याचे नाव न विसरता द्यावे. ज्यांच्या नजरेतून आपण आपला मुलुख पाहतो, त्यांचे एवढे ऋण आपण मानलेच पाहिजे.