मनुष्यबळ व्यवसायाची पात्रता : कायदा, पदवी आणि प्रमाणपत्र

कामगारांची भरती, हजेरी, पगार, बढती, तक्रार आणि निवृत्ती यांचा कारभार पाहणाऱ्या व्यक्तीजवळ कोणते शिक्षण असावे, हा प्रश्न गेल्या काही दशकांत इतक्या वेळा नव्याने मांडला गेला आहे की, नोकरी शोधणारा पदवीधर आणि नोकरी देणारा कारखानदार या दोघांनाही कोणत्या कागदाने नेमका कोणता अधिकार मिळतो हे सांगता येईनासे झाले आहे. कोल्हापूरच्या शाहूपुरीत भरलेल्या या अधिवेशनाने हा विषय हाती घेतला, याचे म्हणूनच मनापासून स्वागत केले पाहिजे.

या पात्रतेचा उगम गिरणीतील अन्यायात आहे. मुंबईच्या गिरण्यांत भरतीची सत्ता जॉबरच्या, म्हणजे माणसे कामावर लावणाऱ्या आणि काढणाऱ्या मुकादमाच्या हाती असे, आणि त्या सत्तेच्या जोरावर तो कामगारांकडून दस्तुरी उकळत असे. 1929 साली नेमलेल्या आणि 1931 साली अहवाल सादर केलेल्या व्हिटली आयोगाने ही सत्ता त्याच्याकडून काढून लेबर ऑफिसरकडे सोपवावी, अशी शिफारस केली. अशा अधिकाऱ्याला शिक्षण देणारी जागाही लवकरच निर्माण झाली. 1936 साली मुंबईत सुरू झालेली आणि 1944 पासून टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाणारी शाळा, तसेच 1947 साली स्थापन झालेली आणि आता नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव धारण करणारी श्रमविज्ञान संस्था यांनी समाजकार्य, कामगार कायदा आणि प्रत्यक्ष वस्तीतील व कारखान्यातील काम यांची सांगड घातली. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 49 ने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आणि त्याची पात्रता ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला. महाराष्ट्राने त्यानुसार 1966 साली स्वतंत्र नियम केले. पदवी, सामाजिक शास्त्रातील मान्यताप्राप्त शिक्षण आणि बहुसंख्य कामगारांच्या भाषेचे ज्ञान हा या पात्रतेचा गाभा होता, आणि त्यातील भाषेची अट ही आजही सर्वांत दूरदर्शी अट म्हणावी लागेल, कारण ज्याच्याशी बोलताच येत नाही त्याचे कल्याण कागदावरच राहते.

यानंतरचा बदल विद्यापीठांनी घडवला. विधी महाविद्यालयांतून चालणारी डीएलएल अँड एलडब्ल्यू, म्हणजे कामगार कायदे व कामगार कल्याण यांची पदविका, पुणे विद्यापीठाची कार्मिक व्यवस्थापनाची एमपीएम आणि समाजकार्याची एमएसडब्ल्यू या मार्गांनी पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांना आणि सहकारी साखर कारखान्यांना अधिकारी मिळत गेले. कोल्हापुरात 1976 साली स्थापन झालेल्या सायबर संस्थेने व्यवस्थापन आणि समाजकार्य ही दोन्ही शिक्षणे एकाच आवारात आणली. पुढे मात्र एमबीएच्या एका शाखेच्या रूपात हा विषय शिकवला जाऊ लागला, तेव्हा कार्यमूल्यमापन, प्रशिक्षण आणि संगणकीय माहिती यांना जागा मिळाली, ही जमेची बाजू असली तरी तिची किंमत कामगार कायद्याच्या तासांनी आणि क्षेत्रकार्याने, म्हणजे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली कामगारांमध्ये जाऊन करावयाच्या नियमित कामाने, मोजली.

तिसरा बदल व्यावसायिक संस्थांचा. कोलकात्याची 1948 ची आणि मुंबईची 1950 ची अशा दोन संस्था एकत्र येऊन 1980 साली राष्ट्रीय कार्मिक व्यवस्थापन संस्था उभी राहिली. ब्रिटनमधील सीआयपीडी आणि अमेरिकेतील एसएचआरएम या संस्थांची प्रमाणपत्रेही आता पुण्या-मुंबईच्या जाहिरातींत दिसतात. सीआयपीडीचे मूळ 1913 साली यॉर्क येथे भरलेल्या कारखान्यांतील कल्याण सेवकांच्या सभेत आहे, हे लक्षात घेतले तर त्या देशातही हा व्यवसाय कामगाराच्या कल्याणापासूनच सुरू झाला होता, हे स्पष्ट होते. अशी प्रमाणपत्रे ज्ञान वाढवतात आणि नोकरी मिळवून देण्यास मदत करतात. परंतु कल्याण अधिकाऱ्याच्या वैधानिक पदाची पात्रता केवळ कायद्याखालील नियमांतूनच येते, आणि विद्यार्थ्याकडून मोठे शुल्क घेण्यापूर्वी हा भेद त्याला सांगणे हे प्रत्येक संस्थेचे कर्तव्य आहे.

आता चौथा बदल दाराशी आला आहे. एकोणतीस कायद्यांची जागा घेणाऱ्या चार श्रम संहिता 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आल्या, आणि त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने कल्याण अधिकाऱ्यासाठी असलेली पाचशे कामगारांची मर्यादा अडीचशेवर आणली. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील ज्या कारखान्यांना आजवर हे पद भरावे लागत नव्हते, त्यांतील काहींना ते आता भरावे लागेल. तथापि कोल्हापूरच्या फौंड्रींचा मोठा भाग अडीचशेहूनही लहान आहे, आणि खरी अडचण तेथेच आहे. औद्योगिक संबंध संहितेनुसार वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी, आणि अशा फौंड्रीत या समितीचे कामकाज, पीएफ, ईएसआय, ओव्हरटाइम आणि ठेकेदाराच्या माणसांची नोंद हे सारे टाइम ऑफिसमधील एका कारकुनावर येऊन पडते. भट्टीजवळ आणि मोल्डिंगवर काम करणारे अनेक कामगार उत्तर प्रदेश, बिहारहून आलेले असतात, कागलकडे सीमेपलीकडचे कानडी भाषकही येतात. त्यांच्या वतीने आणि त्यांच्या भाषेत कायदा समजावून सांगणाऱ्या माणसाला पात्रतेच्या आजच्या चर्चेत स्थानच नाही. पात्रतेतील कोणत्याही बदलाचे मोल या कारकुनाच्या टेबलावर ठरते, मोठ्या कंपनीच्या सभागृहात ठरत नाही.

म्हणून सरकारने संहितेखालील नियमांत कल्याण अधिकाऱ्यासाठी कामगार कायदा, क्षेत्रकार्य आणि कामगारांची भाषा या तिन्ही अटी कायम ठेवाव्यात. शिवाजी विद्यापीठाने आणि त्याच्या महाविद्यालयांनी मनुष्यबळाच्या पदवीत कारखान्यातील क्षेत्रकार्य सक्तीचे करावे. आणि टाइम ऑफिसमध्ये काम करणाऱ्यांसाठी नव्या संहितांवर आधारलेली, मराठीतून शिकवली जाणारी, संध्याकाळी चालणारी एक वर्षाची पदविका सुरू करावी, तिचे शुल्क कारखानदारांनी भरावे. या अधिवेशनाने याच मागण्यांचा ठराव करून तो कामगार विभागाकडे पाठवावा, अशी सभागृहाला आग्रहाची विनंती आहे.